सखाचा टाक

बेलवलीच्या कौसाबाईचा थोरला लेक सखा लढाईच्या दिवसांत लष्कराबरोबर आसामात गेला, तो परत आलाच नाही. कळलं ते एवढंच, की मेला. बाकीचं गावानं भरलं. सखानं म्हणे एकट्यानं जपान्यांची तुकडी लोळवली! पुढं स्वराज्य आलं, तशी गोष्टही फिरली. आता सखा साहेबावर बंदूक उलटवून आझाद फौजेत गेला आणि झेंडा हातात घेऊन पडला. पाटलांनी शाळेपुढं त्याच्या नावाचा दगड बसवला. गावाला वीर हवा होता, तो मिळाला. मग विचारतो कोण?

कौसाबाईनं रीतीप्रमाणे चांदीच्या पत्र्यावर लेकाचा टाक उठवून देव्हाऱ्यात ठेवला. वीराचा टाक, म्हणून घोडा, तलवार, सगळं साग्रसंगीत. पण सखा काही त्यात बसेना. पूजा करताना तिला कुणीतरी मिशाळ परका माणूसच दिसायचा. गेलेला माणूस टाकात बसला नाही तर बाहेरच भटकतो, ही तिची पक्की समजूत. आपला पोरगा इतकी वर्षं दाराबाहेर ताटकळतोय, या विचारानं तिचा जीव तुटायचा.

छप्पन साली बदलापूरच्या शाळेतले दौलतराव मास्तर तालुक्याचा लढाईच्या काळातला इतिहास लिहायला बसले. माणूस भारी चिवट. सखाबरोबर गेलेला चांगो पालेगावात होता, त्याला त्यांनी खोदखोदून विचारलं. निघालं ते भलतंच. सखाच्या हाती बंदूक कधी आलीच नव्हती. तो लष्करी सडकेवर मजूर होता, माती वाहायचा. हिवतापानं फणफणून सडकेच्या कडेलाच गेला.

पाटील भडकले. "मास्तर, हे छापलंत तर गावात पाय ठेवायचा नाही!"

मास्तर संसारी माणूस, नरमले. पान गाळायचं ठरवलं. पण आईला तरी खरं कळावं म्हणून कौसाबाईकडे जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, पान गाळणार तेही.

"म्हणजे डोक्यावर पाटी असायची त्याच्या?" तिनं विचारलं.

"हो."

"इथंही पाटीच वाहायचा. मग तो माझाच," म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं जुना टाक सोनारापुढं टाकला. म्हणाली, "आटव हा. पाटी घेतलेला माणूस काढ."

"अहो आजी, वीराला घोडा लागतो!"

"घोडा कसला? त्याला बैलगाडी पण मिळाली नाय!"

शिमग्यात वीरांच्या टाकांची मिरवणूक निघाली, तेव्हा पाटलांनी तिचा टाक त्यात घेऊ दिला नाही. ती भांडली नाही. सरळ मास्तरांच्या घरी गेली.

"चांगो होता ना त्याच्याजवळ? शेवटी काय मागत होता माझा सखा?"

मास्तर जरा घुटमळले. "गोधडी मागत होता. हुडहुडी भरली होती."

"ते लिहा. पाटलांसाठी काय गाळू नका, माझ्यासाठी पण नको. त्याला थंडी वाजत होती, ते पण लिहा."

मास्तरांनी लिहिलं. पुस्तक निघालं तसं गावानं दोघांशीही बोलणं टाकलं. कौसाबाईचं काही अडलं नाही. ती देव्हाऱ्यातल्या पाटीवाल्या टाकापुढं बसून लेकाला दिवसभराचं सगळं सांगायची, घरी यायला इतका उशीर केलास म्हणून रागवायचीसुद्धा.