अंगणातली सरई

उन्हात तापलेल्या लाकडावर जवसाचं तेल चोळलं की एक मंद, खमंग, किंचित कडवट गंध दरवळतो. गेले काही दिवस आमचं अंगण त्या गंधानं भरून गेलं आहे. अत्तराच्या कुपीसमोर मी कधी थबकले नाही, पण या वासापाशी मन रेंगाळतं. का, ते सांगते.

आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले आणि त्यांचा जीव सुतारकामात रमला. पाट, चौरंग, शेजारच्या पोट्टीसाठी डुलणारा घोडा. मागच्या खोलीत दिवसभर विजेची करवत आणि रंध्याची मशीन चाले. पुढे माझा दमा बळावला, समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी लाकडाच्या धुळीपासून दूर राहायला बजावलं, आणि यांनी सारी हत्यारं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. त्यानंतर घरात जी शांतता वावरू लागली, तिचा मला धुळीपेक्षा जास्त त्रास झाला. हातांना काम नसलेला हा माणूस पेपर उलटसुलट वाचत बसे. माझ्या श्वासासाठी त्यांचे हात का रिकामे राहावेत? शेवटी मीच हट्ट धरला, अंगणात टेबल मांडा आणि तिथे खुशाल काम करा.

पण अंगणातलं टेबल म्हणजे ऋतूंच्या हवाली केलेली वस्तू. हिंदी मुलखातल्या आमच्या बीरगांवात नवतप्याचं, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ जळत्या दिवसांचं, ऊन दारूगोळ्यासारखं बरसतं, मग महिनोन्‌महिने पाऊस, आणि शेजारच्या सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी तर बारमाही पाहुणी. मराठी समजणारी पण उत्तर हिंदीतच देणारी आमची मुलगी फोनवर म्हणाली, "लोहे का बनवा लो, पापा." यांनी नकारार्थी मान हलवली. लोखंड किती लवकर गंजतं, हे जन्मभर मालगाडीच्या वाघिणी दुरुस्त करणाऱ्याला कुणी सांगावं? त्यांनी लोखंड, प्लायवूड, साग आणि इथली सरई, म्हणजे सालवृक्षाचं लाकूड, यांचे तुकडे गच्चीच्या कठड्यावर मांडले आणि उन्हाळा, पावसाळा त्यांच्यावरून जाऊ दिला. प्लायवूड पुरीसारखं फुगलं. लोखंडानं कठडाभर तांबडे ओघळ सोडले. सरईला बारीक चिरा गेल्या, पण ती वाकली नाही. सागाचा फक्त रंग उतरला, बाकी तो जसाच्या तसा.

तरी यांनी आणली सरईच. मी चिडले. एवढी परीक्षा घेऊन पहिल्या आलेल्याला घरी बसवायचं, ही कुठली रीत? "काहून पण?" मी विचारलं.

"सागाच्या भुश्यानं मलेच शिंका येतात, तुले तो बाधला तर? सरईले दरसाल तेल लावीन."

मी लाकूड किती टिकेल ते पाहत होते आणि हे गृहस्थ मी किती टिकेन ते पाहत होते. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला गोड शब्द बोलल्याचं आठवत नाही. पण त्या क्षणी मला फार, फार बरं वाटलं. मग टेबल उभं राहिलं. पायांखाली ओल चढू नये म्हणून फरशीचे तुकडे, वरच्या फळ्यांमध्ये पाणी निथळायला फटी.

आज सकाळी त्यावर पहिल्यांदा काम सुरू होणार होतं. मी खिडक्या लावून शहाण्यासारखी आत बसले. एवढ्यात हाक आली, "बाहेर ये ना. मशीन नाही लावली, रंध्यानं करून राहिलो."

पदर नाकाशी धरून मी गेले. धूळ नव्हतीच, रंध्यातून लाकडाच्या पातळ, कुरळ्या ढलप्या निघून त्यांच्या पायांशी पडत होत्या. यंत्रानं घटकाभरात होणारं काम आता दिवस खाणार होतं. एकेक हात मारून ते थांबत. वाटलं, दमले असतील. मग ध्यानात आलं, त्यांची नजर लाकडावर नव्हतीच. मला धाप लागते का, ते पाहत होते.

मी पदर खाली केला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "थांबू नका."