नाईकांच्या अंगणातली स्वाहिली

आफ्रिकेत मोंबासाला कारकुनाची नोकरी लागली आणि बोट सुटायला महिना उरला, तेव्हा तिथली स्वाहिली भाषा शिकायला मी सांगलीहून निघालो तो वडूजला. आईने कपाळावर हात मारला. पण लढाईत दोन वर्षे मोंबासाला काढलेले हणमंतराव नाईक वडूजपलीकडच्या वाडीतच राहत होते.

मोटार विट्याला बंद पडली, दुसरीने वडूज गाठले, तिथून पुढे पायपीट. रान उघडेबोडके, मधूनच ज्वारीचा हिरवा तुकडा. माझे सांगलीकर पाय पहिल्या कोसालाच कुरकुरू लागले.

नाईकांनी अंगणात घोंगडे अंथरले आणि कवायतीच्या सुरात शिकवणी सुरू केली. एकाचे अनेक करताना आपण शब्दाचे शेपूट बदलतो, तिकडे डोके बदलते. म्तू (माणूस), वातू (माणसे). किताबू (पुस्तक), विताबू (पुस्तके). मी सगळे उलटे म्हणत होतो आणि त्यांची पोरे हसून लोळत होती. म्हणून नाईकांनी त्यांनाच रांगेत उभे केले. म्तोतो (मूल), वातोतो (मुले). आकड्याचे डोकेही सोबत फिरते, वातोतो वाविली म्हणजे दोन मुले.

"आवं, लेकरं मोजू नका," चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या पत्नी पारूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण नाईकांनी पोरांची रांग मोडली.

मुले मोजली की दृष्ट लागते, असे आमच्या घरीही मानतात. मी हसून सोडून दिले असते. पण विहिरीवर पाय धुताना नाईक म्हणाले, "लढाईवर जाताना पलटणीच्या कागदावर लिवायला मीच चौघांना उंबऱ्यात हुबं करून मोजलं. मी तिकडं आन हितं धाकटी तापानं गेली. तिची आय मला बोल लावत न्हाई, पर मोजूबी देत न्हाई."

पुढचे आकडे आम्ही पाणंदीने जाणाऱ्या बाप्यांवर शिकलो. त्यांना दृष्ट लागत नसावी. जेवताना मिरचीच्या खर्ड्याने डोळ्यांत पाणी आणले, ते एका परीने बरेच झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. दारात पारूबाईंनी मला विचारले, "तिकडची भाषा हितल्या दृष्टीला कळंल का वो?"

मी म्हणालो, इतके शिकवूनही मला कळेना, तिला कुठली कळायला.

त्या जराशा हसल्या. मग एकेका मुलाच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाल्या, "म्तोतो. वातोतो वाविली. वातोतो वातातू." चुलीशी बसून त्या माझ्याआधी शिकल्या होत्या. तिसऱ्या डोक्यावर हात थांबला. नवऱ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "फुडं?"

"वातोतो वान्ने," (चार मुले) नाईक म्हणाले.

"वातोतो वान्ने," पारूबाई म्हणाल्या आणि रिकाम्या उंबऱ्यावर हात टेकून बसल्या. नाईक त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मी निरोप न घेताच वाटेला लागलो.

परतीच्या मोटारीत शब्द घोकायचे ठरवले होते, पण जमले नाही. कचेरीपुरती ही भाषा मला येईलही. पारूबाईंना एका दिवसात आली तेवढी मला जन्मात येणार नाही.