तीनशेतली एक

माझी आत्या पडदे शिवते. तिच्याकडे जी गाडी आहे, तशा गाड्या कंपनीनं तीनशेच काढल्या आणि मग साचे मोडून टाकले. ही माहिती आतोबा पाहुण्याला पाणी विचारायच्याही आधी द्यायचे.

त्यांनी गाडी घेतली ती सांभाळायला. दर रविवारी आम्ही सगळे ठेवणीतले कपडे घालून तिच्यात बसायचो. सीटवर प्लास्टिक, पायाखाली वर्तमानपत्र. आतोबा इंजिन सुरू करायचे, गरम झालं की बंद करायचे आणि आम्ही फिरून आल्यासारखे चेहरे करून उतरायचो. बाजारात जायला बस होतीच. चावी कायम आतोबांच्या खिशात.

आतोबा गेले आणि आत्या त्याच गाडीवर शिकली. फाटकाच्या खांबाची आणि डाव्या दिव्याची गाठ पहिल्याच आठवड्यात पडली. मग पडद्यांचे दांडे न्यायला तिनं टपाला भोकं पाडून कॅरिअर बसवून घेतला. आतेभाऊ रडायचाच बाकी होता.

"आई, बाबांच्या गाडीला भोकं?"

"माझे कान टोचले तेव्हा कुणी एवढा गळा काढला नव्हता."

पण या तीनशे गाड्यांच्या मालकांचा एक क्लब आहे, आणि त्याच्या यादीत आतोबांचं नाव अजून होतं. आतेभावाचा जीव त्या नावात. "बाबांना जगात मान मिळाला तो तेवढाच," तो म्हणायचा. खोटं नव्हतं.

क्लबच्या मेळाव्याला बाकीच्यांच्या गाड्या ट्रकवर चढून, पांघरूण घेऊन आल्या. आत्या चालवत आली, टपावर दांडे, कारण गिऱ्हाइकाचं घर पुढेच होतं. मी आणि आतेभाऊ मागे.

अध्यक्षांनी हातमोजे घालून गाडीला प्रदक्षिणा घातली. "ताई, अशा गाड्या वापरायच्या नसतात."

"मग काय, पाळायच्या असतात?"

"भोकं बुजवा, मूळ रंग द्या. नाहीतर यजमानांचं नाव वगळावं लागेल. नियम आहे."

"आई, हो म्हण ना," आतेभाऊ पुटपुटला.

आत्यानं बोनेटवर हात ठेवला. मला वाटलं, विरघळली.

"ह्यांचा फार जीव होता गाडीवर," ती म्हणाली. "इतका, की हिच्यातून कुठे जावं असं त्यांना कधी वाटलंच नाही. मला वाटायचं. शेजारी बसून दर रविवारी वाटायचं. खोडा नाव."

"ताई, अशा फक्त तीनशे आहेत हो!"

"तुमच्या दोनशे नव्व्याण्णव धरा. भोकांची माझी एकटीचीच."

निघायला वाट नव्हती. अध्यक्षांचीच गाडी आडवी, आणि झीज नको म्हणून तिची बॅटरी काढून ठेवलेली. शेवटी सभासदांनी ती ढकलली, हातमोज्यांवर डाग पडू न देता.

आतेभाऊ बाहेरच उभा होता, तोंड फिरवून. आत्यानं हॉर्न दिला नाही, हाकही मारली नाही. नुसती थांबली. तो आला, मागे बसला आणि त्यानं दार धाडकन आपटलं. आतोबांच्या काळात एवढी छाती कुणाची नव्हती.

आत्यानं आरशात पाहिलं. "हळू रे."

"आता कशाला हळू?"

"बरं, मग नीट बस," ती म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय."