जर्दाळूची पाच झाडं

चीनमधल्या ज्यूज्यांग शहरात, मोठ्या हॉस्पिटलसमोर आमचं दुकान आहे. बरे झालेले पेशंट डॉक्टरांना लाल मखमली पताका भेट देतात. त्या मी शिवते आणि सोनेरी धाग्याने अक्षरं भरते. गिऱ्हाईक बघतात आमचे हे, निवृत्त भाषाशिक्षक फान गुरुजी, आणि तेच माझं दुखणं आहे.

सगळ्यात जास्त खपते 'जर्दाळूच्या बागेत वसंत' असं भरलेली पताका. त्यात डॉक्टरांची स्तुती आहे, एवढं लोकांना पुरतं. ह्यांना पुरत नाही; हे प्रत्येक गिऱ्हाइकाला गोष्ट ऐकवतात.

"इथे लूशान डोंगरावर एक वैद्य होता. पैसे घ्यायचा नाही. मोठं दुखणं बरं झालं की रोग्याने जर्दाळूची पाच झाडं लावायची, लहान असेल तर एक. त्या झाडांची बाग झाली. तुम्हाला काय झालं होतं?"

मूळव्याधवाला माणूस सगळ्यांदेखत काय सांगणार? तो मुकाट्याने शेजारच्या दुकानात जातो.

काल एक म्हातारी आली. तिलाही तीच पताका हवी होती.

"मावशी, काय बरं झालं?"

"काही नाही. आमचे हे सोमवारी गेले."

"मग ही चालायची नाही. झाडं बरे झालेले रोगी लावायचे. दुसरी दाखवतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मशीन थांबवलं.

"अकरा दिवस तो डॉक्टर ह्यांच्या उशाशी होता," म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुमच्या गोष्टीत आमच्यासारख्यांनी काय लावायचं, तेवढं सांगा."

चाळीस वर्षं वर्गात बोललेल्या ह्यांनी हातातली दुसरी पताका परत ठेवली. मग ते माझ्याकडे वळले.

"अक्षरांखाली झाडं भर," म्हणाले. "पाच."