अण्णा मागे बसावेत म्हणून वारंगा फाट्यापर्यंत

अण्णा माझ्या गाडीवरून पडले त्याला महिना झाला. गाडी तशी त्यांचीच, जुनी. मी टाकी काळी केली, पुढे भंगारातला डिस्क ब्रेक बसवला, आणि पहिल्याच फेरीत औंढ्याच्या रस्त्यावर ब्रेक दाबल्याबरोबर ती डावीकडे ओढली गेली. अण्णांचा गुडघा फुटला. "आता मी यष्टीनं जाईन बाबा," एवढंच म्हणाले. दरवर्षी आम्ही बापलेक सिद्धेश्वरचं धरण बघायला जातो. यंदा ते राहणार होतं. हिंगोलीतल्या दोन मिस्त्रींनी हात टेकले, तिसऱ्यानं वारंगा फाट्याच्या गोविंदमामांचं नाव सांगितलं.

सकाळी सातला निघालो. दीड तासाचा रस्ता, मला चार लागले. पुढचा ब्रेक लावायचाच नाही म्हणून हळू, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ब्रेक घासत सर्र... सर्र... ऐकता ऐकता गुंगी यावी असं. कळमनुरीच्या पुढे हळद शिजत होती. वाफेत माणसं विरघळल्यासारखी दिसत होती, ताडपत्रीवर पिवळं ऊन पसरलेलं. थांबलोच.

"गाडी बिघडली का रे?" एका काकूंनी विचारलं.

"न्हाई काकू, वास घेऊन राहिलो."

"घे घे, त्याला पैसे न्हाईत लागत!"

आखाडा बाळापूरला गरम भजे आणि चहा, तीस रुपयांत पोट भरलं. तिथून फाटा जवळच.

मामांचं दुकान म्हणजे लिंबाखाली एक पत्रा. मामा शेजारच्या बंजारा तांड्यावरचे, साठीचे. अण्णा कसे पडले ते मी सांगितलं, तसं त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली.

"कोनी केली ही?"

"मीच."

"व्हय, दिसून राहिलं."

इंजिन चालू करू दिलं नाही. गाडी ढकलायला लावली. "डोळे मीट आन ऐक." मग ब्रेकचे पॅड काढून तळहातावर ठेवले. एक जाड, दुसरा तिरपा झिजलेला. ब्रेक धरणाऱ्या पट्टीचे दोन्ही वॉशर मी वरच्याच बोल्टला घातले होते.

"काहून?"

"खाली बसत नव्हते."

मामा हसले. "माझा पणजा बैलाच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादायचा. एका अंगाला वजन जास्त झालं की बैल वाट सोडून चालायचा. बैलाला मारून काय फायदा? आदी गोणी बघावी."

पट्टी कानशीनं घासली, एक वॉशर वर, एक खाली, पॅड नवे. बोल्ट सैल ठेवून म्हणाले, "आता ब्रेक दाबून धर. मी म्हनेपर्यंत सोडू नको." दाबून धरलं की ब्रेक आपोआप डिस्कच्या मधोमध बसतो, मग बोल्ट आवळायचे. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढ्यात मामांचा चहा आला. ते पीत बसले, मी दुसऱ्या हातानं मूठ आवळून धरली.

"मामा, सोडू का?"

"बापाला पाडताना इतकं सोसलं का तू? धर!"

मग सावकाश, थोडा वरचा बोल्ट, थोडा खालचा. चाक फिरवलं. आवाज नाही. नुसती लिंबाची सळसळ. पॅड धरून साडेतीनशे घेतले.

परत हिंगोली, औंढा करत दिवस कलताना सिद्धेश्वर गाठलं. मोकळ्या रस्त्यावर पळवायची, ब्रेक दाबायचा. सरळ. पुन्हा सरळ.

जाळं सुकवणारा एकजण ओरडला, "काय रे पोरा, जातो न् थांबतो, जातो न् थांबतो! काही हरवलं का?"

पाणी जांभळं होत चाललं होतं. मी कठड्यावर बसलो, नेहमीसारखी शेजारी एका माणसाची जागा सोडून. पाच मिनिटांत उठलो.

घरी पोचलो तर अण्णा उठून गाडीपाशी आले. बंद गाडी गल्लीतून ढकलत नेली, ब्रेक दाबला, कान दिला. "पाणी किती हाय धरणात?"

"नीट बघितलंच नाही अण्णा."

"मंग उद्या बघू."

सकाळी ते मागे बसले. एक हात माझ्या खांद्यावर, घट्ट. पहिल्या गतिरोधकाला ब्रेक दाबला तेव्हा बोटं रुतली. दुसऱ्याला थोडी कमी. औंढ्याच्या अलीकडे खांदा एकदम हलका झाला. हात काढून ते शेताकडे बोट दाखवत होते, "ते बघ, हळद वाळून राहिली."


मी बघितलं नाही. रस्ता धरून, सरळ चालवत राहिलो.