टाकीवरचा दुसरा डाग

मी सांगलीत विश्रामबागला राहतो आणि एका तंत्रनिकेतनात इंजिन शिकवतो. शिकवतो म्हणजे फळ्यावर काढतो. खरं इंजिन आमच्या घरात एकच, तेही गावी, कोरेगावजवळ. फौजेतून परत आल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रॅक्टर घेतला तेव्हा मी शाळेत होतो. आता त्याच्या बॉनेटचा मूळ रंग कोणता होता हे फक्त आबाच सांगू शकतात. तरी रोज सकाळी ते त्याला फडकं मारायचे आणि मगच चहा घ्यायचे.

"टाकी गळतीय," असं आबा पहिल्यांदा फोनवर म्हणाले, ते अगदी खरं होतं. डिझेलच्या टाकीचा मागचा कोपरा चालवणाऱ्याच्या मांड्यांवर येतो. तिथल्या जोडाला बारीक भोक पडलं होतं आणि आबांची पांढरी विजार भिजत होती. त्यांनी अंगाचा साबण ओला करून भोकात दाबून बसवला होता. आमच्याकडे सगळे तसंच करतात आणि आठ-पंधरा दिवस निभावतंही. मी मात्र शनिवारी गेलो तो भाषण देतच. साबण हा काय उपाय झाला का, वगैरे. आबा ऐकून घेत होते आणि पाना घेऊन पट्ट्या सोडत होते.

टाकी उतरवून आम्ही कोरेगावला एका मिस्त्रीकडे नेली. आबांच्याच वयाचा माणूस, रेडिएटर आणि टाक्यांना डाग द्यायचं काम करणारा. डाग देणं म्हणजे कथील वितळवून भोक बुजवणं. त्याने टाकी सोडा घातलेल्या गरम पाण्यानं तीनदा धुतली, उलटी केली, जोडाच्या खालपर्यंत पाणी भरलं, म्हणजे आत वाफ साठून भडका उडायला नको. मग तापवलेल्या खड्यानं, म्हणजे दांडीच्या टोकाला बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यानं, असा सफाईदार डाग दिला की मलाही बोलायला काही उरलं नाही. शेवटी तोंड बंद करून पंपानं हवा भरली आणि जोडावर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा आला नाही. आबा म्हणाले, "हात हाय मिस्त्रीचा." आबा सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत.

पंधरा-वीस दिवसांनी मी पुन्हा गावी गेलो होतो. दुपारी आबा शेतातून आले, तर विजार मांडीपर्यंत ओली.

"पुन्हा गळतीय वाटतं," ते म्हणाले आणि सरळ न्हाणीकडे गेले.

आई चटकन उठली. "मी धुती. तू बस जेवायला."

मी कसला बसतोय. माझं डोकंच फिरलं. म्हातारा मिस्त्री गोड बोलून फसवतो म्हणजे काय! आबा न्हाणीतून आले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. लय न्हाई गळत." मी ऐकलं नाही. तासाभरात टाकी उतरवली, गाडीच्या डिकीत टाकली आणि आबांनाही शेजारी बसवलं. त्यांनी समक्ष सांगावं म्हणून. वाटेत ते दोनदा म्हणाले, "आज बाजार हाय, गर्दी आसंल." मला वाटलं, भिडस्त माणूस, भांडण नको म्हणतोय.

मिस्त्रीकडे खरंच गर्दी होती. चार-पाच जण बाकावर बसलेले, त्यातले दोघे आमच्याच गावचे. मी टाकी त्याच्या टेबलावर आपटली.

"असला डाग देता काय? वीस दिवस टिकला नाही."

मिस्त्रीनं टाकी आपल्याकडे ओढली. त्याने पंप लावला, फेस लावला. बुडबुडा नाही. मी म्हटलं, परत लावा. त्याने परत लावला. मग मी स्वतः ब्रश घेऊन सगळ्या जोडांवरून फिरवला, नळीच्या तोंडापासून वरच्या झाकणापर्यंत. टाकी ठणठणीत होती. मी बारा वर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आलोय की दोष शोधताना घाई करू नका. आणि एवढ्या लोकांसमोर मी खोटा पडलो होतो, हे मला सहन होईना. तो राग मी फिरवला आबांवर.

"आबा, टाकी गळत नाही. मग विजार भिजली कशानं?"

मोठ्यानं म्हणालो. बाकावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतकं.

आबा ताठ उभे राहिले, हात मांड्यांना चिकटवून, नजर समोरच्या भिंतीवर. फौजेत वरच्या साहेबाची बोलणी खाताना माणूस उभा राहतो तसे. आणि तेव्हा मला आठवलं की सकाळी मी दोरीवरचा टॉवेल काढताना त्यांची एक विजार बाजूला सारली होती. ओली होती. डिझेलचा वास धुतला तरी दोन दिवस जात नाही. तिला तो वास नव्हता. दुपारच्या विजारीलाही नव्हता. हे माझ्या नाकाला कळलं होतं, मी मात्र टाकी खोलत बसलो होतो.

मिस्त्री टाकीवर वाकला.

"थांबा सर. हितं हाय बघा. आला बुडबुडा."

मी वाकून पाहिलं. तिथे काहीही नव्हतं.

"मला नाही दिसला," मी म्हटलं. अजूनही म्हटलं!

"तुमचा चष्मा लांबचा आसंल," तो म्हणाला. बाकावरचे हसले. माझ्यावर हसले, आबांवर नाही. मग त्याने टाकी पुन्हा सोड्याच्या पाण्यानं धुऊन पाणी भरलं, खडा तापवला आणि चांगल्या जोडावर, जिथे भोक नव्हतं तिथे, सावकाश दुसरा डाग दिला. फडक्यानं पुसला आणि आबांपुढे हात जोडले. "आबा, माझाच डाग कच्चा ऱ्हायला. तुमाला तरास झाला."

"व्हतं मिस्त्री," आबा म्हणाले. "माणसाचाच हात हाय."

जन्मभराचं नाव चार गिऱ्हाइकांसमोर त्याने कमी करून घेतलं, आणि मी, आबांचा मुलगा, त्याचे आभारही न मानता टाकी उचलून निघालो. लाज वाटत होती म्हणून मान वर केली नाही, असं मी स्वतःला सांगतो. पण मान वर करायला हवी होती.

टाकी बसवली. त्यानंतर आबा ट्रॅक्टरवर बसले नाहीत. गुडघा धरतो म्हणाले. भाऊबंदांतला एक जण नांगरून देऊ लागला. सकाळचं फडकं तेवढं चालू राहिलं. मी फोनवर रोज ठरवायचो की आज बोलायचं, आणि पावसाचं विचारून ठेवून द्यायचो.

तीन महिन्यांनी आईनं त्यांना कसंबसं तयार केलं आणि मी त्यांना सांगलीला डॉक्टरांकडे घेऊन निघालो. वाटेत दोनदा मी गाडी थांबवली, माझ्याच पायाला मुंग्या आल्याचं सांगून. दोन्ही वेळा आबा खाली उतरले नाहीत. विश्रामबागला घरासमोर उतरले तेव्हा सीट ओली होती. त्यांनीही वळून पाहिलं. समोरच्या घरातले शेजारी फाटकाशी येऊन उभे होते, नमस्कार करायला.

"माझी पाण्याची बाटली सांडली वाटतं," मी म्हणालो. शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आबा, तुमची विजार भिजवली मी."

आबांनी गाडीत नजर टाकली. बाटली कुठेच नव्हती. मग बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं.

"झाकण नीट लावत जा," ते म्हणाले. "येवढा मोठा झालास, तरी सांगाय लागतंय."