वीस कार्डांतली आठ

पूर्व उपनगरातल्या एका गोल्फ मैदानावर खंडू चौतीस वर्षे सभासदांच्या बॅगा वाहत आला होता. कच्च्या गड्याला पक्क्याच्या बरोबरीने खेळता यावे म्हणून या खेळात हँडिकॅप मोजतात. आकडा जितका मोठा, तितक्या फटक्यांची सूट अधिक. कुणाला किती सूट, हे खंडूला तोंडपाठ होते.

त्याचा स्वतःचा आकडा होता चार पूर्णांक सहा. सोमवारी मैदान सभासदांना बंद असते आणि बॅगा वाहणारे कॅडी खेळतात. त्या सोमवारांची ही कमाई. यंदा नवशिक्यांना शिकवणाऱ्याची एक जागा निघाली. अटी दोनच: आकडा पाचाच्या आत हवा, आणि येत्या सोमवारचे ताजे कार्ड, म्हणजे एका फेरीतल्या फटक्यांची नोंद, हवे. फटके जितके कमी, तितके कार्ड चांगले.

"जागेवर उभं राहूनच शिकवायचं ना?" त्याची बायको शकु त्याच्या गुडघ्याला तेल चोळत म्हणाली. "मग ही जागा मिळायलाच हवी. ओझं वाहून हा पाय वर्षभर टिकायचा नाही."

खंडूने मनाशी हिशोब मांडला. शेवटची वीस कार्डे, त्यांतली उत्तम आठ, त्या आठांवरून सरासरी. विसातले सर्वांत जुने कार्ड गुडघा धड असतानाचे होते, त्र्याहत्तर फटक्यांचे. नवे कार्ड आले की ते बाहेर पडणार. आणि त्याच्या तोडीचे खेळले नाही, तर आकडा पाचाच्या वर जाणार.

सोमवारी अठरा खड्ड्यांच्या फेरीत बाराव्या होलपासून पाय ओढू लागला. कार्ड लिहिणारा जयवंत, त्याचा जुना सोबती, सोळाव्यावर कानाशी आला.

"चार लिहू का रे? कोण बघतंय?"

"सहा मारले, सहा लिही."

"आला मोठा हरिश्चंद्र!"

"अरे गाढवा, चार लिहिलेस तरी आज ऐंशीच्या खाली येत नाही."

झाले चौऱ्याऐंशी. कचेरीतल्या निधी नावाच्या मुलीने फटके संगणकात भरले. नवा आकडा आला पाच पूर्णांक चार.

"पुढच्या वर्षी बघू, काका."

"तो त्र्याहत्तर गेला का गं?"

"दिसतो की. हा काय, खाली. पण आता धरत नाही."

खंडूने वाकून पाहिले. त्याच्या वरची तीन चांगली कार्डेही जुनीच होती; तीही आता एकेक करून बाहेर पडणार होती.

मंगळवारी सकाळी एका सभासद साहेबांनी हाक मारली. "खंडू, आज मला सुटीचे फटके किती रे मिळतात?"

"अठरा, साहेब. प्रत्येक होलला एक."

त्याने बॅग खांद्यावर घेतली आणि तो त्यांच्या मागोमाग निघाला.